हसणाऱ्यांच्या गावाला

अंधेरी स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडून रिक्षावाल्याला नुसते ‘लोखंडवाला’ म्हटले की तो मीटर टाकतो आणि पुढे काही विचारत नाही. आता मेट्रोही आहे. २०१४ पासून डी. एन. नगरला उतरता येते, पण तिथूनही पुढचा टप्पा रिक्षाचाच. चार बंगला मागे पडला की उंच इमारती दाटीवाटीने अंगावर येऊ लागतात. दुकानांच्या पाट्या झगझगीत होतात आणि दर दुसऱ्या चौकात कुणीतरी काळा चष्मा लावलेला तरुण ‘मला कुठेतरी पाहिले असेल ना?’ अशा चेहऱ्याने उभा असतो. काही दशकांपूर्वी इथे दलदल होती. अजूनही वसाहतीच्या मागच्या अंगाला गेलात तर खारफुटीची झाडी आणि खाडीचा वास भेटतो.

मुंबईबाहेरच्या माणसाला लोखंडवाला हे नाव दोन कारणांनी माहीत असते. एक म्हणजे इथे सिनेमा-टीव्हीतले लोक राहतात. दुसरे कारण १६ नोव्हेंबर १९९१चे. त्या दुपारी इथल्या स्वाती इमारतीला पोलिसांनी वेढा घातला, तासन् तास गोळ्या झाडल्या गेल्या आणि माया डोळस व त्याचे साथीदार मारले गेले. त्यावर पुढे सिनेमाही निघाला.

मी मात्र तिसऱ्याच कारणाने गेले होते. त्या गोळीबाराला साडेतीन वर्षेही झाली नव्हती, तेव्हा याच वसाहतीतल्या एका बागेत १३ मार्च १९९५च्या सकाळी पाच माणसे जमली आणि हसू लागली. विशेष काही घडलेले नव्हते. हसायचे ठरवले होते, म्हणून हसली. आज शंभराहून अधिक देशांत हास्य क्लब असल्याचे ही चळवळ चालवणारे सांगतात. सगळ्यांचा उगम या रिक्षांच्या आणि कबुतरांच्या गजबजाटातला आहे.

चुटके संपले तेव्हा

डॉ. मदन कटारिया मूळचे पंजाबातल्या एका खेड्यातले. मुंबईत डॉक्टरकी करता करता ते आरोग्यावरचे एक मासिकही चालवत. हसणे हे कसे औषध आहे, यावर त्या मासिकासाठी लेख लिहीत असताना पहाटे चारच्या सुमारास त्यांच्या मनात आले, की हे एवढे गुणकारी आहे तर नुसते लिहीत काय बसायचे? सकाळी सात वाजता ते बागेत पोचले आणि फिरायला आलेल्यांना विचारू लागले, “हास्य क्लब काढायचा आहे, येता का?” बहुतेकांनी त्यांच्याकडे, सकाळी सकाळी असे विचारणाऱ्या माणसाकडे बघावे तसेच बघितले. कशीबशी पाच जणांची सुरुवात झाली. योगासने शिकवणाऱ्या त्यांच्या पत्नी माधुरी यांची साथ होती.

पद्धत साधी होती. सगळ्यांनी गोल करून उभे राहायचे, एकाने मधे येऊन चुटका सांगायचा, बाकीच्यांनी हसायचे. काही दिवसांतच पाचाचे पन्नास झाले. पण दोन आठवड्यांत पोतडी रिकामी झाली. मग जे उरले ते आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहे. बायकोवरचे चुटके, सरदारजींवरचे, कुणाच्या जाडीवरचे, आणि ‘बायका नाहीत ना आसपास?’ असे विचारून सांगायचे. बायका तर आसपासच होत्या. त्यांनी नापसंती दाखवली आणि क्लब मोडायची वेळ आली.

घरच्या लग्नकार्यात पंगत उठल्यावर जो कोंडाळे जमवून बसतो, त्या काकांची तिसऱ्या चुटक्यानंतर हीच गत होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. विनोद हा कुणाच्या तरी जिवावर फार लवकर उठतो. डॉ. कटारियांनी त्यावर जो तोडगा काढला तो मला त्यांच्या मूळ कल्पनेपेक्षाही मोठा वाटतो. त्यांनी हसण्यातून विनोदच काढून टाकला. हसायला कारण हवे असे कुणी सांगितले? व्यायाम म्हणून हसा. सुरुवातीला खोटे हसा, समोरच्याच्या डोळ्यांत बघा, पुढचे आपोआप होईल. टाळ्या, दीर्घ श्वास, सिंहमुद्रा अशा योगासनातल्या ओळखीच्या गोष्टी त्यात मिसळल्या, आणि बागेतल्या गमतीचा ‘हास्ययोग’ झाला.

१० जानेवारी १९९८ रोजी मुंबईच्या रेसकोर्सवर पहिला जागतिक हास्य दिन झाला, तेव्हा सुमारे बारा हजार माणसे एकत्र हसली. घोडे बिचारे काय समजले असतील कोण जाणे! हल्ली हा दिवस मे महिन्याच्या पहिल्या रविवारी साजरा होतो. बीबीसीच्या २००१च्या एका मालिकेसाठी जॉन क्लीझ हा इंग्रज विनोदी नट मुंबईला येऊन या मंडळींबरोबर हसून गेला. ज्याने जन्मभर लोकांना हसवण्यासाठी घाम गाळला, त्याला विनोदावाचून हसणारी माणसे बघून काय वाटले असेल, हा माझ्या मनातला प्रश्न.

साडेसहाची बाग

मी ज्या बागेत गेले तिथे साडेसहाला जेमतेम उजाडले होते. फाटकाशी शहाळेवाला हातगाडी लावत होता. आत धावणारे धावत होते, फोनवर बोलत चालणारे चालत होते, आणि एका कोपऱ्यात अशोकाच्या झाडांखाली तीसेक माणसे हळूहळू गोळा होत होती. बहुतेक साठीपुढची. सलवार-कमीज, साड्या आणि त्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. चार-पाच भाषा कानावर पडत होत्या. गुजराती, मराठी, हिंदी, मधूनच पंजाबी.

रांगा नाहीत, गोल. का, ते लगेच कळले. रांगेत पुढच्याची पाठ दिसते. गोलात लपायला जागा नसते.

पुढारी म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. त्यांनी टाळी सुरू केली. बोटाला बोट, तळव्याला तळवा लागेल अशी सपाट टाळी. तिच्या ठेक्यावर सगळे म्हणू लागले, “हो हो, हा हा हा. हो हो, हा हा हा.” मग दोन्ही हात वर, खोल श्वास, सावकाश सोडणे. मग नमस्कार हास्य, म्हणजे समोरच्याला हात जोडायचे आणि हसायचे. मग लस्सी हास्य. एका हातातल्या काल्पनिक पेल्यातून दुसऱ्या हातातल्या पेल्यात लस्सी ओतायची, पुन्हा इकडून तिकडे, आणि मग एका दमात पिऊन हसायचे. मग भांडण हास्य, म्हणजे बोट दाखवून एकमेकांवर तुटून पडायचे, पण तोंडातून शब्द एकही काढायचा नाही, नुसते हसू. मोबाइल हास्यात कानाला हात लावून फिरायचे आणि जणू पलीकडून कुणी भलतेच काही सांगितले असे खदखदायचे. मधून मधून “व्हेरी गुड, व्हेरी गुड, ये!” असे ओरडत हात आभाळात फेकायचे, शाळेतल्या पोरांसारखे.

खरे सांगायचे तर पहिली दहा मिनिटे मला मेल्याहून मेल्यासारखे झाले होते. ओठ हसत होते, डोळे घड्याळाकडे. माझ्या उजवीकडच्या काकांचे हसू प्रेशर कुकरसारखे होते. आधी बराच वेळ नुसती सूं-सूं वाफ, मग एकदम शिट्टी. तिसऱ्या शिट्टीला समोरच्या दोन बाया कोलमडल्या, त्यांच्याकडे बघून त्यांच्या शेजारी, आणि मग मी. लस्सी कुणाच्या हातात राहिली नाही. ते हसू व्यायामाचे नव्हते. ते कुठून आले हे विचारायलाही कुणाला सवड नव्हती. डोळ्यांतून पाणी आले, बरगड्या दुखल्या, आणि पुढारी गृहस्थ शांतपणे थांबून राहिले. त्यांना हे रोजचे असावे.

असे का होते? अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी बाजारात, रस्त्यात, उपाहारगृहात लोक हसतात कधी याच्या बाराशे नोंदी केल्या. २००० साली त्यांचे त्यावरचे पुस्तक आले. त्यांना आढळले, की गप्पांमधले बहुतेक हसू विनोदावर येतच नाही. ‘बरं, निघते आता’, ‘अरे, तू इथे कसा?’ अशा अगदी साध्या वाक्यांवर येते. आणि माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे तीसपट चारचौघांत हसतो. म्हणजे हसू हे मुळात विनोदाला दिलेले उत्तर नव्हेच. ‘मी तुझ्याबरोबर आहे’ असे सांगायची ती एक जुनी रीत आहे, कदाचित भाषेच्याही आधीची. बागेतले काका हसले ते आमच्यासाठी, आणि आम्ही हसलो ते काकांसाठी. लस्सी निमित्तमात्र.

औषध किती, गूळ किती

हास्य क्लबात गेले की दम्यापासून मधुमेहापर्यंत सगळे बरे होते, असे सांगणारे भेटतात. त्यांच्या उत्साहावर पाणी ओतायचे नाही, पण घरात औषधांचा डबा असणाऱ्या वाचकांना खरे काय ते कळायला हवे.

या विषयाला डॉक्टरांच्या जगात दार उघडून दिले ते नॉर्मन कझिन्स या अमेरिकन संपादकाने. मणक्याच्या अतिशय दुखऱ्या आजारात त्याने विनोदी चित्रपट लावून हसण्याचा सपाटा लावला. दहा मिनिटे पोट धरून हसलो की दोन तास वेदनेवाचून झोप लागते, असा अनुभव त्याने १९७६ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात मांडला, पुढे १९७९ मध्ये त्याचे पुस्तकही झाले. एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, पण त्यामुळे संशोधकांचे कुतूहल चाळवले.

२००५ मध्ये मेरिलँड विद्यापीठातल्या हृदयतज्ज्ञांनी वीस निरोगी माणसांना एकदा युद्धाच्या आणि एकदा विनोदी चित्रपटातले प्रसंग दाखवून त्यांच्या हातातल्या रक्तवाहिनीतला प्रवाह मोजला. ताण आणणाऱ्या प्रसंगांनंतर चौदा जणांच्या वाहिनीतला प्रवाह घटला. हसण्यानंतर एकोणीस जणांच्या वाहिन्या सैलावल्या. २०११ मध्ये ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांनी दाखवले, की मिळून खळखळून हसल्यावर माणसाची वेदना सोसण्याची ताकद वाढते. त्यासाठी त्यांनी लोकांच्या दंडावर गोठवलेले आवरण घालून ते किती वेळ सहन होते ते पाहिले. हसताना मेंदू एंडॉर्फिन नावाची वेदनाशामक द्रव्ये सोडतो, हे त्यामागचे कारण मानले जाते. नुसते गालातल्या गालात हसून ते होत नाही. पोट आत-बाहेर व्हावे लागते, श्वास पार संपेपर्यंत बाहेर जावा लागतो.

तेव्हा मन हलके होते, वेदना काही काळ बोथट होते, श्वासाचा व्यायाम होतो, हे मानायला हरकत नाही. पण ‘शरीराला खऱ्या-खोट्या हसण्यातला फरक कळत नाही’ हे क्लबातले आवडते वाक्य मी जरा हात राखूनच घेईन. वरचे प्रयोग खऱ्या हसण्यावरचे आहेत. खोट्याचे खरे व्हायला शेजारी माणूस लागतो. आरशासमोर एकटीने मी घरी हा प्रयोग करून पाहिला. शेजारच्या वहिनींनी दार वाजवून “सगळं ठीक आहे ना?” विचारले, तेवढेच हसू आले. आणि हसण्याने गोळी सुटत नाही. रक्तदाबाची गोळी हसत हसत घ्यावी, पण घ्यावी.

सातमजली आणि खिदळणे

व्यायाम संपल्यावर बाकावर बसलेल्या एका आजींशी बोलणे झाले. वय अडुसष्ट, माहेर साताऱ्याकडचे, लग्नानंतर मुंबई. त्या म्हणाल्या, “आमच्याकडे सासूबाई म्हणायच्या, घरंदाज बाईचे दात फक्त दंतवैद्याने बघायचे.” चाळीस वर्षे त्या पदर तोंडाला लावून हसल्या. क्लबात पहिला आठवडाभर हात आपोआप तोंडावर जायचा. कुणी काही बोलले नाही. टाळ्यांच्या व्यायामात मात्र हात टाळीला लागायचे, तोंड उघडेच राहायचे. “तेव्हा सुटली सवय.”

आपल्या भाषेनेही यात हातभार लावलेला आहे. पुरुष मोठ्याने हसला की ते सातमजली हास्य, गडगडाटी हास्य. तेवढ्याच मोठ्याने मुलगी हसली की ती खिदळते, नाहीतर फिदीफिदी करते. ‘हसतील त्यांचे दात दिसतील’ ही म्हण वर वर बेफिकिरीची असली, तरी कितीतरी मुलींच्या बाबतीत दात दिसणे हाच गुन्हा होता. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपासून गडकरी, चिं. वि. जोशी, अत्रे, पु. ल. देशपांडे अशी विनोदाची घराणेशाही मिरवणाऱ्या महाराष्ट्रात, घरातल्या सुनेने माजघरात हसण्याची सोय मात्र फार थोड्या घरांत असे. क्लबांमध्ये बायका मोठ्या संख्येने का दिसतात याचे एक उत्तर मला त्या बाकावर मिळाले.

आजींचा मुलगा परदेशात, यजमान गेलेले. अकराव्या मजल्यावर राहतात. “लिफ्टमधे लोक आकड्यांकडे बघतात, माझ्याकडे नाही. इथे निदान तीस माणसं डोळ्यात बघतात.” आपण काही फार बोललो असे त्यांना वाटले नसावे. त्या लगेच भाजीच्या भावांवर आल्या.

पुण्यातली शिस्त

मुंबईहून पुण्याला जायचे तर मी शक्यतो संध्याकाळची डेक्कन क्वीन धरते. १९३०पासून धावणाऱ्या या गाडीत ऑम्लेट खाणे हा प्रवासाचाच भाग समजला जातो. उतरलात की दुसऱ्या दिवशी लवकर उठून मॉडेल कॉलनीतल्या चित्तरंजन वाटिकेत जा. झाडी जुनी, सकाळ थंड. डिसेंबर-जानेवारीत तर कानटोपी लागते.

पुण्यात विठ्ठल काटे यांनी १९९७ मध्ये नवचैतन्य हास्ययोग परिवार सुरू केला. आज शहरातल्या आणि उपनगरांतल्या कितीतरी बागांत, मंदिरांच्या आवारात त्याच्या शाखा भरतात. मुंबईची जत्रा आणि पुण्याची शाखा यात जो फरक असायचा तो इथेही आहे. वेळ म्हणजे वेळ. प्रार्थना, हातापायांचे व्यायाम, प्राणायाम आणि मधून हास्याचे प्रकार, सगळे ओळीने. उशिरा आलेल्या एका आजोबांकडे मी काही जणांना अशा नजरेने बघताना पाहिले, की त्या नजरेसमोर हसू थिजावे. पण पाचव्या मिनिटाला तेच लोक त्याच आजोबांच्या अंगावर कोसळत हसत होते.

शहरातल्या दुसऱ्या एका बागेतल्या गटाबरोबर मी तीन दिवस गेले. तिथे हसून झाल्यावरचा अर्धा तास मला अधिक मोलाचा वाटला. कुणाचा वाढदिवस असला की चिवडा आणि बर्फी. कुणाचे मोतीबिंदूचे ऑपरेशन असले की कोण सोबत जाणार ते ठरते. एका वहीत हजेरी असते. सलग दोन दिवस कुणी न कळवता आले नाही तर फोन जातो, फोन उचलला नाही तर माणूस जातो. एकदा अशाच खेपेत एक एकटे राहणारे गृहस्थ न्हाणीघरात पडलेले सापडले, पायाचे हाड मोडलेले. बाई मोलकरीण दुसऱ्या दिवशी येणार होती. डॉक्टरांच्या कुठल्याही प्रयोगात हा फायदा मोजलेला मला दिसला नाही.

तिथल्याच एका निवृत्त मास्तरांची हकीकत. पंचाहत्तरीचे, रोज पत्नीबरोबर येत. दोघे गोलात समोरासमोर उभे राहत, शेजारी नाही, कारण समोर असले की बाईंना मास्तरांचे हसू बघता येई. बाई अचानक गेल्या. गटातली माणसे घरी जाऊन नुसती बसली. तेरावे झाल्यावर सहाव्या-सातव्या दिवशी मास्तर बागेत आले आणि आपल्या जागी उभे राहिले. त्या दिवशी हसायचे कसे, हे कुणालाच कळेना. श्वासाचे व्यायाम झाले, हातपाय हलवून झाले, मग सगळे थांबले. “मीच म्हटलं, सुरू करा,” मास्तर मला सांगत होते. “आमची ही काय नुसता श्वास घ्यायला यायची?”

ते हसले का, हे मी विचारले नाही. त्यांच्या शेजारच्या बाईंनी आपणहून सांगितले, की टाळ्या मात्र त्यांनी सगळ्या वाजवल्या.

२०२०च्या टाळेबंदीत बागांना कुलपे लागली. नातवंडांकडून शिकून आजी-आजोबा मोबाइलच्या पडद्यावर चौकोनाचौकोनात बसून हसू लागले. मास्तरांच्या मते त्यात राम नव्हता. “एकाचं हसू पोचेपर्यंत दुसऱ्याचं संपलेलं असायचं.” तरी रोज साडेसहाला ते फोन लावून बसत. हजेरी तर होत होती.

तिसऱ्या मजल्यावरचे कान

आता दुसरी बाजू. पहाटे गाढ झोपेत असताना खिडकीखाली तीस माणसे “हो हो, हा हा हा” करू लागली तर? रात्रपाळी करून आलेला मुलगा, आजारी माणूस, दहावीची परीक्षा. कुर्ल्याच्या शीतल तलावाकाठच्या हास्य क्लबाचे प्रकरण असेच थेट मुंबई उच्च न्यायालयात गेले. समोरच राहणाऱ्या एका वृद्ध रहिवाशाची तक्रार होती, की रोज सकाळच्या या गोंगाटाने मनस्ताप होतो. २०१२ मध्ये न्यायालयाने ती हसण्यावारी नेली नाही, आणि त्यावर जगभरच्या वर्तमानपत्रांनी ‘हसण्याला बंदी’ अशा धर्तीच्या बातम्या छापून मजा केली.

मला त्यात मजा वाटली नाही. शांतपणे झोपायचा हक्क हसण्याच्या हक्काइतकाच जुना आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि दिवस सकाळी सहाला सुरू होतो. कायद्याच्या दृष्टीने साडेसहा म्हणजे दिवस असला, तरी खिडकीआडच्या माणसाला तो दिवस वाटेलच असे नाही. अंधेरीच्या गटातल्या पुढाऱ्यांना मी हे विचारले. ते म्हणाले, त्यांनाही एकदा वरून पाणी पडले होते. “पाऊस नव्हता.” तेव्हापासून त्यांनी कोपरा बदलला, इमारतीपासून दूर अशोकाच्या झाडांखाली गेले. मार्चमध्ये परीक्षांच्या दिवसांत ते मौन हास्य करतात. तोंड पूर्ण उघडायचे, खांदे गदगदवायचे, आवाज काढायचा नाही. मी करून पाहिले. आवाज दाबून हसणे ही फार अवघड गोष्ट आहे. ज्यांनी वर्गात मागच्या बाकावर बसून ते केले असेल त्यांना ठाऊकच असेल.

जायचे असेल तर एवढे ध्यानात ठेवा. बहुतेक क्लबांना फी नसते, नावनोंदणीची कटकट नसते. गोलात जाऊन उभे राहायचे. हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, काबूत नसलेला रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, फिट्स येण्याचा त्रास असेल, किंवा दिवस गेलेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. हसताना पोटावर आणि डोळ्यांवर चांगलाच दाब येतो. बाळंतपणानंतर किंवा वयामुळे ज्या बायकांना लघवीवर ताबा राहत नाही त्या संकोचाने येत नाहीत असे कळले. त्याला स्नायूंचे व्यायाम आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञ ते शिकवतात, आणि गटातल्या जुन्या जाणत्या बायका तर न विचारताच सांगतात. चहा पिऊन लगेच जाऊ नका, पोट रिकामे बरे. लोखंडवालाचा शहाळेवाला साडेसातपर्यंत थांबतो, त्यानंतर त्याचे गिऱ्हाईक बदलते आणि भावही.